थ्री-नॉट-थ्रीची माशी

विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीने हरीण मारायचा हंगाम नऊ दिवसांचा. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी तो सुरू होतो आणि आमच्या टूलरूमची निम्मी माणसं रजेवर जातात. शेजारी मलाही दरवर्षी बोलवायचा. पुण्यात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात १९७२चा वन्यजीव कायदा पक्का बसलेला, त्यामुळे शिकार म्हटलं की पुढे कोर्टच दिसतं. त्यात मी तेव्हा एच-१बी व्हिसावर. अशा माणसाला बंदूक बाळगायला मनाई. शिकारीचा परवाना काढला तर सूट आहे, पण ती पोलिसाला समजावून सांगत कोण बसणार? ग्रीन कार्ड हातात पडल्यावर शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स केला (१९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो इथे करावाच लागतो) आणि मग रायफल शोधायला लागलो.

नवी घ्यायचीच नव्हती. कॉलेजात एनसीसीच्या परेडला खांद्यावर थ्री-नॉट-थ्रीच असायची, निकामी केलेली, फक्त कवायतीची. तिचा बोल्ट कसा सरकतो ते हाताला माहीत होतं. इथे मिळाली ती तिची धाकटी बहीण, ली-एनफील्ड नंबर फोर. डाव्या अंगाला ‘यू. एस. प्रॉपर्टी’ कोरलेलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला द्यायला सॅव्हेज कंपनीने मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी फॉल्सला अशा दहा लाखांहून जास्त रायफली बनवल्या, त्यातली ही एक. युद्धानंतर असला माल इथे मातीमोलाने विकला जायचा. १९६८च्या कायद्याने बंदी येईपर्यंत टपालानेसुद्धा घरपोच यायचा. लोक घरीच करवत घेऊन पुढचं लाकूड कापायचे आणि शिकारीची रायफल तयार करायचे. माझीही अशीच कुणीतरी कापलेली होती, म्हणून स्वस्त पडली. न कापलेल्या रायफलीला आता संग्राहक चांगली किंमत देतात. तिला करवत लावणं मला तरी जमलं नसतं. कापलेलीवर प्रयोग करायला मन कचरत नाही.

तरी एक गोष्ट मी आधीच ठरवली होती: पोलादाला ड्रिल लावायचं नाही, दुर्बीण बसवायलासुद्धा नाही. शेजाऱ्याचा सगळा भर दुर्बिणीवर. पण आमच्या भागातलं रान दाट, ओक आणि मेपलचं. शंभर यार्डांपलीकडचं हरीण दिसतच नाही. शिवाय नंबर फोरची मागची साइट मुळातच उत्तम. तिची शिडीसारखी उभी पट्टी आडवी पाडली की एक मोठं गोल भोक डोळ्यासमोर येतं. त्यातून नुसतं बघायचं आणि माशी, म्हणजे पुढची फोरसाइट, लक्ष्यावर धरायची. अंधुक उजेडातही हे जमतं.

अडचण एवढीच की ते भोक तीनशे यार्डांसाठी बांधलेलं. शंभरावर गोळी सातेक इंच वर जायची. हरणाच्या बाबतीत सात इंच म्हणजे एकतर गोळी पाठीवरून जाणार किंवा जनावर जखमी होऊन पळणार. यावरचा इलाज माशीतच होता. या रायफलीच्या माश्या वेगवेगळ्या उंचीच्या मिळतात, पंधरा-पंधरा थाऊंच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पायऱ्यांनी, आणि आकडा माशीवरच ठोकलेला असतो. दोन साइटींमधलं अंतर साधारण एकोणतीस इंच. गणित मांडलं तर एका पायरीला शंभर यार्डांवर जवळजवळ दोन इंच फरक पडतो. माझ्या माशीवर शून्य होतं, साठची बसवली. माशी उंच झाली की गोळी खाली येते. नवशिक्याला हे उलटं वाटतं, पण कागदावर एकदा रेघ ओढून पाहावी. डावी-उजवी बाजू पितळी पंचाने हलकेच ठोकून जुळवली.

लाकडाने मात्र जास्त छळलं. गोळीचा धक्का जिथे लाकूड सोसतं तिथे ते झिजून सैल झालं होतं, त्यामुळे नळी तापली की नेम भलतीकडे. तेवढीच जागा कोरून इपॉक्सी भरलं. पोलादाला आधी मेणाचा हात दिला, नाहीतर रायफल आणि लाकूड जन्माचे चिकटले असते. हेडस्पेस, म्हणजे बोल्ट आणि काडतूस यांच्यातली मोकळी जागा, गनस्मिथकडून गेज लावून तपासून घेतलं. बोल्टचं डोकं या रायफलीत वेगळं निघतं आणि वेगवेगळ्या मापांत मिळतं, त्यामुळे दुसऱ्या रायफलीचं डोकं आपल्या बोल्टला लागलेलं असू शकतं. इथे अंदाजपंचे चालत नाही.

विकणाऱ्याने सोबत काडतुसांचा डबा दिला होता. बुडावर ‘के एफ’ वाचलं आणि हसूच आलं: किर्की फॅक्टरी, आपली खडकी! पण ती लष्करी, अखंड कवचाची. न फुलणारी गोळी हरणाला इथे कायद्याने चालत नाही आणि चालू नयेच. ती आरपार जाते आणि जनावर तासन्‌तास तडफडतं. वर त्या जुन्या काडतुसांच्या टोपीतले क्षार नळीला गंज चढवतात. ती रेंजवर सरावात संपवली आणि दरवेळी नळीतून उकळतं पाणी ओतलं. शिकारीला मऊ टोकाची, १८० ग्रेनची. मॅगझिनमध्ये भरताना प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे ठेवायची, मागे राहिली की ऐन वेळी बोल्ट अडतो. थंडीत तेल घट्ट होतं, म्हणून बोल्ट सगळा उघडून केरोसीनने कोरडा केला.

हंगामात एका सकाळी साठेक यार्डांवर मादी आली. खांद्याच्या मागे गोळी लागली. थोडी धावली आणि पडली. सोलणं-कापणं शेजाऱ्याने शिकवलं, ते इथे लिहीत नाही. हरीण ऑनलाइन नोंदवलं आणि डोकं तपासणीला दिलं. इथल्या हरणांत २००२ सालापासून मेंदू पोखरणारा एक रोग आढळतो, म्हणून निकाल येईपर्यंत मटण फ्रीझरमध्ये. निकाल चांगला आला. बायको म्हणाली, याला चरबीच नाही, तेल जास्त लागेल. तसंच झालं, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात ते बराच वेळ शिजवावं लागलं. शेजारी दोनदा वाढून घेऊन जेवला आणि जाताना पुन्हा म्हणाला, दुर्बीण बसव. मी त्याला माशीचं गणित परत सांगितलं.