चकाचक, पण जरा जपून!

कार अ‍ॅक्सेसरीजच्या कुठल्याही दुकानात जा आणि नुसतं 'पॉलिश द्या' म्हणून बघा. काउंटरवर आठ-दहा बाटल्यांची परेड सुरू होते. कंपाउंड, पॉलिश, वॅक्स, सीलंट, टेफ्लॉन, नॅनो, सिरॅमिक... प्रत्येक लेबलवर आरशासारखी चमकणारी तीच ती स्पोर्ट्स कार. 'यात फरक काय हो?' असं विचारलं की उत्तरही ठरलेलं, 'सगळं सेमच आहे मॅडम, हे जास्त चालतं.'

सॉरी बॉस, सगळं सेम अजिबात नाही. यातल्या काही बाटल्या गाडीचा रंग घासून कमी करतात, तर काही त्यावर पातळसा थर चढवतात. दोन्हींनी गाडी चमकते, म्हणून दोन्हींना आपण सरसकट 'पॉलिश' म्हणून मोकळे होतो. बेसमेंट पार्किंगमध्ये राहणाऱ्या, रोज पुसल्या जाणाऱ्या गाडीला हा गोंधळ चालून जातो. चार पावसाळे झाडाखाली काढलेल्या गाडीला नाही.

आमची तशीच होती. म्हणजे बाबांची. २०१३ सालची लाल इंडिका. (लाल अशासाठी, की तेव्हा पांढरी इंडिका दिसली की लोक हात करून 'स्टेशनला येणार का?' विचारायचे.) आमच्या मुळशी तालुक्यात टाटा म्हटलं की जुन्या लोकांना आधी धरण आठवतं, १९२१ चा मुळशी सत्याग्रह आणि सेनापती बापट आठवतात, गाडी नंतर. पण इंडिका पिंपरीत बनायची आणि बाबांच्या हिशेबात पिंपरीची गाडी म्हणजे घरचीच गाडी. पौडहून पिरंगुटच्या कंपनीत ते रोज तिनेच जायचे. मग रिटायरमेंट, २०२१ मध्ये बायपास, आणि गाडी घरामागच्या आंब्याखाली उभी राहिली ती राहिलीच. शेजारचा मुलगा अधूनमधून स्टार्ट करून ठेवायचा, तेवढंच.

डॉक्टरांनी पुन्हा गाडी चालवायला परवानगी दिली तेव्हा धाकट्या भावाने मोबाइलवर नव्या हॅचबॅकचा ईएमआय काढून दाखवला आणि सोबत भंगारवाल्याचा नंबरही. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मागच्या दारी जाऊन बराच वेळ गाडीजवळ बसून राहिले. आत आले ते एवढंच म्हणाले, 'इंजिन ठणठणीत आहे. पण असल्या अवतारात मी तिला पाहुण्यांच्या दारात उभी करणार नाही.' बायपासनंतर त्यांनी स्वतःहून कुठे जायचं नाव काढलं, ते पहिल्यांदाच. मी भावाकडून एक महिना मागून घेतला.

बाणेरच्या एका डिटेलिंग स्टुडिओने सिरॅमिक कोटिंगचा जो आकडा सांगितला, तो भंगारवाल्याने अख्ख्या गाडीला लावलेल्या किमतीच्या जवळपास होता. गावातला पेंटर म्हणाला, 'ताई, रबिंग-पॉलिश करून देतो, एका दिवसात नवी.' मला दोन्ही पटेना. आधी गाडीला झालंय काय, हे तर बघू!

अशा गाडीवर दोन प्रकारचा मळ असतो : वर बसलेला आणि आत गेलेला. वर बसलेल्यात काय नव्हतं? आंब्याचा चीक, जांभळं खाऊन आलेल्या पाखरांनी टाकलेला जांभळा माल, काचेच्या रबरात चक्क हिरवं शेवाळ. शिवाय बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके. शेवाळ जुन्या टूथब्रशने निघालं. ठिपके म्हणजे क्षार, त्यांना साबण दाद देत नाही. पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून, सावलीत, पत्रा गार असताना, दोन मिनिटं लावायचं आणि धुऊन टाकायचं. धुण्याची पावडर वापरू नका, न विरघळलेला प्रत्येक दाणा ओरखडा काढतो. भांड्यांच्या लिक्विडची मात्र उगाच बदनामी आहे, असं मला वाटतं. त्याचा मुख्य दोष म्हणजे ते वॅक्स उडवतं. आमच्या गाडीवर उडवायला वॅक्स होतंच कुठे! पहिल्या धुण्याला ते चाललं. पुढे कायम कार शॅम्पू आणि दोन बादल्या, एक शॅम्पूची आणि एक फडकं खळबळायची. एका बादलीत दहा गाड्या पुसणाऱ्या सोसायटीवाल्या भाऊंना हे सांगून बघा, कसे बघतात ते.

धुतल्यावर एक फुकटची टेस्ट आहे. हातात पॉलिथिनची पातळ पिशवी घाला आणि पत्र्यावरून हलकेच फिरवा. नुसत्या बोटांना गुळगुळीत लागलेला रंग पिशवीतून चक्क रवाळ लागतो. ही रस्त्यावरची लोखंडी कस, डांबराचे कण, रंगात रुतून बसलेली धूळ. ती पॉलिशने काढायची नसते, क्ले बारने उचलायची असते. दिसायला साबणाच्या वडीसारखा चिकणमातीचा गोळा. पत्रा शॅम्पूच्या पाण्याने निसरडा ठेवून त्यावरून फिरवायचा. खाली जमिनीवर पडला तर मोह न करता फेकून द्यायचा. त्याला चिकटलेला एक खडा पुरेसा आहे.

एवढं झाल्यावर गाडी स्वच्छ झाली, पण लाल काही झाली नाही. विटकरी, पिठूळ, फिकट. हा आत गेलेला प्रकार. उन्हातल्या अतिनील किरणांनी रंगाचा वरचा थर मरतो, आणि लाल रंग यात जरा जास्तच नाजूक. हा मेलेला थर घासूनच काढावा लागतो. इथे थांबून एक आकडा लक्षात ठेवा. कंपनीतून आलेल्या गाडीवरचे सगळे थर, प्रायमरपासून वरच्या पारदर्शक क्लिअर कोटपर्यंत, मिळून साधारण शंभर ते सव्वाशे मायक्रॉन जाड असतात. आपला केस सत्तरच्या आसपास. त्यातला क्लिअर कोट जेमतेम चाळीस-पन्नास. म्हणजे प्रत्येक 'रबिंग' हे एफडी मोडल्यासारखं आहे. मोडता येते, पण किती वेळा?

काही गाड्यांना क्लिअर कोट नसतोच, रंगच उघडा असतो. कसं ओळखायचं? दाराच्या खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या कापडावर थेंबभर पॉलिश घेऊन घासा. आमच्या दारावर कापड लालभडक झालं, म्हणजे रंग उघडा. बॉनेटवर मात्र तेच कापड पांढरंच राहिलं! तेव्हा बाबांना आठवलं, चांदणी चौकात एका टेम्पोने ठोकल्यावर बॉनेट बाहेर रंगवून घेतलं होतं. एकाच गाडीवर दोन वेगळे रंग, दोन वेगळे हिशेब. बॉनेटवर काचेजवळ तळहाताएवढा क्लिअर कोट सोलवटलाही होता. त्यावर जगातलं कुठलंही पॉलिश चालत नाही. गेलेला थर बाटलीतून परत येत नाही, नव्याने रंगवावंच लागतं. दुकानात हे कोणी सांगणार नाही, कारण सांगून बाटली खपत नाही.

पॉलिश निवडायचा फंडा माझ्या मते एकच : सगळ्यात सौम्य ते आधी. मास्किंग टेपने फूटभर चौकोन आखा, हाताने फिनिशिंग पॉलिश लावून बघा. भागलं तर उत्तम. नाही भागलं तर एक पायरी वर, मीडियम कटचं. रबिंग कंपाउंड अगदी शेवटी. कंपनी थ्रीएम असो, मेग्वायर्स असो की टर्टल वॅक्स, नावापेक्षा लेबलवरचे शब्द वाचा. 'कट', 'अ‍ॅब्रेसिव्ह', 'स्क्रॅच रिमूव्हर' असं काही असेल तर ती बाटली रंग कमी करणारी. 'क्लीनर वॅक्स' म्हणजे थोडं घासणं आणि थोडं झाकणं, दोन्ही एकात. मशीन वापरायचंच असेल तर गरगर फिरणाऱ्या गॅरेजच्या बफिंग मशीनपेक्षा हलत-फिरत चालणारं ड्युअल अ‍ॅक्शन घ्या. नुसतं फिरणारं मशीन एका जागी तापतं आणि दाराच्या कडांवर, जिथे रंग आधीच पातळ असतो, तिथे थेट प्रायमर दाखवतं. आम्ही दारं मीडियमने केली, बॉनेट फक्त फिनिशिंगने. दोन रविवार गेले. कापडांची पिशवी बघून आई म्हणाली, 'काय होळी खेळून आलात काय?'

आता जपायचं काय लावून? बाबांचा जुना उपाय म्हणजे रॉकेलचा बोळा. चमक येते हे खरं, कारण तेलकटपणा बारीक ओरखड्यांत भरतो. दुसऱ्या दिवशी त्यावर पौड रोडची सगळी धूळ मुक्कामाला येते. टेफ्लॉनचं बोलायचं तर ते वितळतं ३२७ अंशांच्या आसपास. तव्यावर ते भट्टीत बसवतात. गाडीच्या पत्र्यावर हाताने चोळून ते तसं बसणार कसं? कार्नोबा वॅक्स मला मनापासून आवडतं. ब्राझीलमधल्या एका पाम झाडाच्या पानावरचं हे मेण, त्याने लाल रंग असा काही खुलतो की बघत राहावं. पण आमच्याकडचा पाऊस! जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पडला होता. पौडला तेवढा नसला तरी उघड्यावरच्या गाडीवर वॅक्स काही आठवड्यांचंच पाहुणं.

सिरॅमिक म्हणजे मुख्यतः सिलिकॉन डायऑक्साइडवर आधारलेलं कोटिंग. ते टिकतं, यात वाद नाही. पण '९एच हार्डनेस' ऐकून हिऱ्याची तुलना मनात आणू नका, ते पेन्सिलच्या टोकाने रंगाची चाचणी घेतात त्या मोजपट्टीवरचं माप आहे. खडा लागला तर ओरखडा येणारच. आणि कोटिंगखाली जे असेल तेच वर्षानुवर्षं दिसत राहतं, डागासकट. नव्या गाडीला मी जरूर विचार करीन. बारा वर्षांच्या, दोन रंगांच्या गाडीला नाही. आम्ही साधं सिंथेटिक सीलंट घेतलं. हाताने लागतं, काही महिने टिकतं, दिवाळीला आणि मेअखेरीस पुन्हा लावता येतं. काळ्या प्लास्टिकला लागू दिलं नाही, पांढरे डाग पडतात.

दाराखालचा गंज मात्र सीलंटखाली झाकायचा नाही, आतून खातच राहतो. तो खरवडून, प्रायमर मारून टचअप केला. आणि बाबांच्या हट्टाने घेतलेलं प्लास्टिकचं कव्हर काढून टाकलं. आत ओल धरतं आणि वाऱ्यावर फडफडून धुळीसकट रंगावर घासतं. त्या सिरॅमिकच्या आकड्यापेक्षा कमी पैशांत पौडच्या फॅब्रिकेटरने चार पाइप रोवून वर पत्रे टाकून दिले. आंब्यापासून वीस फुटांवर.

लवळ्याच्या आत्याकडे बाबा स्वतः चालवत गेले. मी शेजारी, भाऊ मागे बाइकवर, 'वाटेत बंद पडली तर' म्हणून. आत्याच्या दारात कोणीच गाडीबद्दल चकार शब्द काढला नाही. चहा झाला, आंब्याच्या भावावर गप्पा झाल्या. निघताना आत्याच्या नातवाने बॉनेटवर बोट ठेवून विचारलं, 'आजोबा, इथे काय लागलंय?' पेंटर म्हणतो अख्खं बॉनेट मारावं लागेल. बाबा म्हणतात पावसाळा जाऊ दे, मग बघू.