रविवारची कॉफी

परदेशीं गेलेल्या माणसाचे सहा दिवस कसेही जातात. सातवा मात्र जातां जात नाहीं. सोमवारपासून शनिवारपर्यंत आपण कोणत्या ना कोणत्या कामाला जुंपलेले असतों, आणि काम करणाऱ्यास परकेपणा फारसा जाणवत नाहीं. परंतु रविवारीं सकाळीं रस्ते ओस असतात, दुकानें उशिरां उघडतात, आणि चहाचा पेला घेऊन खिडकीपाशीं बसलेल्या माणसाला आपण या गांवांत कोणाचेच कोणी नाहीं, ही गोष्ट लख्ख कळून येते. सन २०२३ च्या ऑगस्टमध्यें एका कॉलेजांत वर्षभर शिकविण्याच्या निमित्तानें आम्ही सपत्नीक अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत गेलों. तेथील पहिले चार रविवार आम्हीं असेच खिडकीपाशीं काढले.

पांचव्या रविवारीं शेजारच्या आजीबाईंनीं दार वाजविलें. शाळेच्या ग्रंथालयांतून निवृत्त झालेल्या, वय ऐंशीच्या पुढें, घरांत एकट्या. “आमच्या चर्चमध्यें प्रार्थनेनंतर कॉफी असते. प्रार्थनेस आला नाहींत तरी चालेल; कॉफीला या,” एवढेंच त्या म्हणाल्या. आमची धर्मश्रद्धा बेताचीच. घरीं गणपति बसतो तो सौभाग्यवतीच्या भक्तीनें. आमचा त्यांत वांटा मोदकांपुरता. देवळाची पायरी आम्हीं लग्नकार्यावांचून क्वचितच चढलेली, आणि त्याचा आम्हांस थोडासा अभिमानही होता. परंतु कॉफीला नाहीं म्हणण्यास कारण सुचेना. आम्ही गेलों, आणि पुढील जूनपर्यंत जातच राहिलों.

चर्च एपिस्कोपल पंथाचें होतें. ‘एपिस्कोपल’ म्हणजे बिशपांची सत्ता मानणारें. इंग्लंडच्या राजधर्माचें हें अमेरिकेंतील अपत्य. वसाहतींनीं राजाचें जूं झुगारून दिल्यावर तेथील पाद्री मंडळींपुढें मोठा पेंच पडला. बिशप व्हावयाचें तर इंग्लंडच्या राजाशीं एकनिष्ठेची शपथ घेणें आलें, आणि ती तर आतां घेतां येईना. तेव्हां सॅम्युअल सीबरी नांवाचे गृहस्थ १७८४ सालीं स्कॉटलंडांतील ॲबर्डीन येथें गेले आणि तेथील बिशपांकडून दीक्षा घेऊन परत आले. १७८९ सालीं फिलाडेल्फिया येथें या चर्चची घटना ठरली. राजा गेला, बिशप राहिले. पण बिशपही निवडून यावयाचा. आमच्या गांवच्या चर्चांतही हीच रीत होती. गांवकऱ्यांनीं निवडलेलें पंचमंडळ, ज्याला तेथें व्हेस्ट्री म्हणतात, तें पैशाअडक्याचा आणि इमारतीचा कारभार पाही. त्यावर दोन वॉर्डन. धर्मोपदेशक, म्हणजे रेक्टर, यांचीही निवड बिशपाच्या संमतीनें हेंच मंडळ करी. आमच्या वेळच्या रेक्टर एक बाई होत्या.

रविवारची उपासना सव्वा तासाची. ती एका पुस्तकावरून चाले. या पुस्तकाचा मूळपुरुष म्हणजे आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर याच्या हातचें १५४९ चें इंग्रजी प्रार्थनापुस्तक. अमेरिकेंत सध्यां चालतें तें १९७९ चें. जन्मभर इंग्रजी वाङ्मय शिकविलेल्या आमच्यासारख्याला त्या गद्याचा डौल मोह घालणारच. परंतु खरें सांगावयाचें तर आमचें लक्ष निराळ्याच दोन गोष्टींकडे लागून राही. मध्यंतरीं आजारी माणसांचीं नांवें वाचीत. आडनांव नाहीं, रोगाचें वर्णन नाहीं. नुसतें नांव, आणि प्रत्येक नांवानंतर क्षणभर शांतता. दुसरी गोष्ट, प्रभुभोजनाची. बाप्तिस्मा झालेले लोक वेदीशीं जाऊन भाकर आणि द्राक्षरस घेत. ज्यांचा झालेला नसे त्यांनीं छातीवर हातांची घडी घालून जावें. रेक्टरबाई मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद देत. पहिले दोन महिने आम्ही बांकावरच बसून राहिलों. आमच्याकडे कोणीं वळून पाहिलें नाहीं, आणि कां येत नाहीं असेंही कोणीं विचारलें नाहीं.

उपासना संपली कीं मंडळी तळघराच्या दिवाणखान्यांत उतरत. तेथें एका टेबलावर कॉफीचें मोठें विजेचें पात्र, शेजारीं घरीं भाजलेले केक, आणि त्या पात्रामागें एक उंच, वाकलेले आजोबा. जन्मभर विजेचीं कामें करून निवृत्त झालेले. सकाळीं सातला येऊन ते पात्र लावीत. प्रत्येकाला किती साखर लागते हें त्यांना पाठ होतें. आम्हीं पहिल्या दिवशीं दोन चमचे मागितली. दुसऱ्या रविवारीं ती न मागतां पेल्यांत पडली.

तो पहिला पेला हातीं घेतांना आम्हांला पुण्याची आठवण झाली. १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानानंतर रानडे, टिळक, गोखले प्रभृति मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं. कोणी घेतलीं, कोणी बाजूस सारलीं. गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें छापविलीं, आणि पुढें जें ग्रामण्य माजलें तें शंकराचार्यांपर्यंत जाऊन कित्येकांस प्रायश्चित्त घ्यावें लागलें. ज्या काऊली संघाच्या पाद्र्यांचें तें मिशन, त्याच संघाचा एक मठ आमच्या बिऱ्हाडापासून मोटारीनें तासाभराच्या वाटेवर, केंब्रिज गांवीं चार्ल्स नदीच्या कांठीं आहे, हें आम्हांला मागाहून कळलें. ज्या पेल्यासाठीं आमच्या पणज्यांच्या पिढीनें प्रायश्चित्तें घेतलीं, तो आम्ही साखर घालून घेत होतों. आपण किती पुढें आलों, असें वाटून आम्ही मनांत सुखावलों. तें सुख फार दिवस टिकणार नव्हतें.

या चर्चचा रविवार हा केवळ कळस होता; इमारत सहा दिवसांची. मंगळवारीं तळघरांत अन्नछत्र भरे. तेथें शिजलेलें अन्न नसे; पिठाच्या पिशव्या, डबाबंद भाज्या, मुलांचें दूध असा शिधा असे. येणाऱ्याला त्याची जात वा धर्म विचारीत नसत. घरांत माणसें किती, एवढेंच विचारीत. बुधवारीं रात्रीं दारूच्या व्यसनांतून सुटूं पाहणाऱ्यांची बैठक. तिला चर्चची फक्त जागा आणि उष्णता मिळे; बैठकीस कोण आलें होतें हें चर्चांतील कोणी विचारीत नसे. गुरुवारीं गायकांची तालीम. शनिवारीं सकाळीं तीनचार बाया वेदीची सिद्धता करीत: भांडीं घांसणें, वस्त्रांना इस्त्री, फुलांची मांडणी, आणि ऋतूप्रमाणें वेदीच्या पडद्याचा रंग बदलणें, नाताळांत पांढरा, उपासाच्या दिवसांत जांभळा, एरवीं बहुतेक हिरवा. सौभाग्यवती त्यांच्यांत चटकन मिसळली. देवाचीं उपकरणीं घांसणें हें तिला नवें नव्हतें. चिंच मिळत नाहीं, एवढीच तिची तक्रार.

या सगळ्या कामांची वांटणी दर्शवणारा एक मोठा कागद तळघराच्या दाराशीं लावलेला असे. त्यावर चौकटी, आणि प्रत्येक चौकटींत नांव. तीं नांवें म्हणजे कांहीं गांवांतील थोर मंडळी नव्हेत. बर्फ लोटणारा, मेणबत्त्यांचीं टोकें कापणारी, अंथरुणास खिळलेल्यांच्या घरीं प्रभुभोजन पोहोंचविणारा, अशीं साधीं माणसें.

डिसेंबरांत सौभाग्यवती बर्फावरून घसरली आणि तिचा घोटा मोडला. आम्हांस कुकर लावण्यापलीकडे पाकशास्त्र अवगत नाहीं. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं दार वाजलें. वेदीच्या कामांतील एक बाई झांकलेलें भांडें घेऊन उभ्या. आंत चीज घालून भाजलेली मॅकरोनी. “मांस नाहीं, अंडें नाहीं, आम्हीं विचारून घेतलें आहे,” त्या म्हणाल्या आणि आंत न येतां निघून गेल्या. त्यानंतर तीन आठवडे एक दिवसाआड कोणी ना कोणी भांडें घेऊन येई. आम्हीं आभार मानूं लागलों कीं ते म्हणत, “कागदावर आज माझें नांव होतें.” उपकाराचें ओझें न वाटावें म्हणून याहून चांगलें उत्तर आम्हीं कधीं ऐकलें नाहीं.

येथें सगळें सोन्याचेंच होतें असें मात्र कोणी समजूं नये. नव्या भजनांची चाल आणि जुन्या गालिचाचा रंग यांवरून तेथें अबोले धरलेले आम्हीं पाहिले आहेत. जुना इतिहास तर त्याहून कडू आहे. १७९४ सालीं फिलाडेल्फिया येथील कृष्णवर्णीय मंडळीस या चर्चनें आपल्यांत घेतलें खरें; पण बिशपप्रदेशाच्या सभेंत बसावयास जागा दिली नाहीं, आणि ती मिळण्यास साठांहून अधिक वर्षें लागलीं. स्त्रियांना धर्मोपदेशक होण्याची मोकळीक १९७६ च्या अधिवेशनानें दिली. १९८९ सालीं याच मॅसॅच्युसेट्समध्यें बार्बरा हॅरिस या कृष्णवर्णीय बाई बिशप झाल्या. या पंथांत बिशप झालेली ती पहिली स्त्री. मात्र दार उघडेपर्यंत आंतील गर्दी ओसरूं लागली होती. १९६० नंतरच्या दशकांत या चर्चचे सभासद ३४ लाखांच्या घरांत होते. २०२३ अखेर ते १६ लाखांच्या आंत आले. आमच्या चर्चांत बांकें दोनशेंची आणि माणसें साठ, त्यांतलीं निम्मीं सत्तरीपलीकडचीं.

जानेवारींत वार्षिक सभा भरली. तळघरांतील उष्णतेचा बंब निकामी होत आला होता आणि नव्यासाठीं पैसा नव्हता. एका तरुण गृहस्थांनीं उभें राहून सांगितलें कीं, अन्नछत्र एक वर्ष बंद ठेवावें. “इमारतच राहिली नाहीं तर छत्र कोठें भरवणार?” त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग शेजारच्या आजीबाई काठी टेकीत उठल्या आणि म्हणाल्या, “थंडीचे दोन महिने वरचा भाग बंद ठेवूं. प्रार्थना खालींच करूं. मी कोट घालून बसेन.” हात वर करून मतें घेतलीं. छत्र राहिलें. फेब्रुवारीपासून उपासना तळघरांत होऊं लागली आणि प्रार्थना चालली असतां कॉफीचा वास येऊं लागला.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारीं मात्र तो वास आला नाहीं. पात्र थंड होतें. उपासना सुरू होण्यास दहा मिनिटें असतां वॉर्डनांनीं इकडेतिकडे पाहिलें, कोणाच्या तरी कानांत कांहीं सांगितलें, आणि दोघेजण मोटार घेऊन गेले. आजोबा आदल्या रात्रींपासून स्वयंपाकघरांत जमिनीवर पडले होते. शुद्धि होती, उठतां येत नव्हतें. ते वांचले, पण पुढें मुलीच्या गांवीं वृद्धाश्रमांत गेले, परत आले नाहींत.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. पुण्यास आमच्याच मजल्यावर, आमच्या दारासमोर, एक निवृत्त शिक्षक राहत असत. बावीस वर्षांचा शेजार; ओळख जिन्यांतील मानेपुरती. चार वर्षांपूर्वीं ते गेले, हें आम्हांला तिसऱ्या दिवशीं दूधवाल्यानें सांगितलें. त्यांच्या दाराच्या कडीला दुधाच्या दोन पिशव्या तशाच लोंबत होत्या. त्या दोन दिवसांत आम्ही त्या पिशव्यांवरून चार वेळां तरी गेलों असूं. पिशव्या दिसल्या नाहींत असें म्हणतां येत नाहीं, दिसल्या होत्या. त्या पाहणें हें आमचें काम आहे असें वाटलें नाहीं, इतकेंच. कोणाच्या चौकटींत आमचें नांव नव्हतें. पंचहौदाच्या चहावरून आपण पुढें आलों म्हणून सुखावणाऱ्या आम्हांस त्या रात्रीं कळलें कीं, ग्रामण्य करणाऱ्यांना निदान आपला शेजारी कोठें चहा प्याला हें ठाऊक असे. त्यांची ती पाळत आम्हांला नको. पण ती टाकतांना आम्हीं शेजाऱ्याची विचारपूसही टाकून दिली.

पुढच्या रविवारीं कॉफीच्या चौकटी रिकाम्या होत्या. वॉर्डन आमच्याजवळ आले, कागद पुढें केला आणि कांहींही न बोलतां पेन्सिल हातांत दिली. जूनपर्यंत आम्हीं कॉफी केली. पहिली कडू झाली. सर्वांनीं ती प्यायली. दोनच दिवसांनीं, उपासाचा काळ सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळीं, तेथें पोळ्यांसारख्या गोड पॅनकेकांचें जेवण असतें. त्यांत सौभाग्यवतीनें खुर्चीवरून हुकूम सोडले आणि आम्हीं धिरडीं घातलीं. मेपलच्या पाकाबरोबर तीं संपलीं.

आम्ही ख्रिस्ती झालों नाहीं, आणि तशी अपेक्षाही कोणीं केली नाहीं. श्रद्धेवांचून हें सारें टिकेल काय, या प्रश्नाचें उत्तर आम्हांपाशीं नाहीं. रेक्टरबाईंना विचारलें असतां त्या हंसून म्हणाल्या, “मला श्रद्धा नसते त्या दिवशींही माझें नांव कागदावर असतेंच.”

पुण्यास परतल्यावर आम्हीं इमारतींत लिफ्टशेजारीं एक कागद लावला आहे. रविवारीं सकाळीं नऊला गच्चीवर चहा. पहिल्या रविवारीं तिघेजण आले, आणि त्यांतील एकानें निवडणूक आहे काय म्हणून विचारलें. आतां नऊदहा जण जमतात. तिसऱ्या मजल्यावरील आजी दोन रविवार आल्या नाहींत तेव्हां सौभाग्यवती जाऊन आली. त्या लेकीकडे गेल्या होत्या. कागदावर चौकटी आंखल्या आहेत. पुढच्या रविवारच्या चौकटींत अद्याप कोणाचें नांव नाहीं. बहुधा आमचेंच पडेल.