सरवा

ज्वारीची काढणी आटोपली, कणसे खळ्यावर गेली, की मोकळ्या झालेल्या रानात मागे राहिलेली कणसे वेचायला बायका येत. आमच्या परभणी जिल्ह्यात याला सरवा वेचणे म्हणतात. कापणाऱ्याच्या हातून निसटले म्हणून धान्य टाकाऊ ठरत नाही, एवढे त्या बायकांना पक्के ठाऊक असे. अलीकडे रोज रात्री झोपण्यापूर्वी आम्ही संगणकासमोर बसून हेच काम करतो. ई-मेलच्या खात्यातील ‘स्पॅम’ नावाची कोठी उघडतो आणि एकेक ओळ वाचत सरवा वेचतो. ही सवय आम्हांस कशी लागली, ते सांगण्यात आमची शोभा नाही. तरीही सांगितले पाहिजे.

नकोशा पत्रांचा इतिहास फार जुना नाही. ३ मे १९७८ रोजी गॅरी थर्क नावाच्या अमेरिकी विक्रेत्याने आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना एकाच वेळी पाठवली. स्पॅमचा आरंभ बहुधा तेथूनच मानतात. पुढे हा पूर वाढत गेला. न काढलेल्या तिकिटांवर परदेशी लॉटऱ्या लागू लागल्या आणि अनोळखी राजपुत्र आपली संपत्ती आमच्या स्वाधीन करण्यास उतावीळ झाले. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आम्ही थट्टेने म्हणतो खरे. पण जगाला परभणीची इतकी आठवण पूर्वी कधी झाली नव्हती.

हा कचरा उपसणारी चाळणी आली तेव्हा म्हणूनच हायसे वाटले. पॉल ग्रॅहम यांनी २००२ साली एका निबंधात मांडलेल्या चाळणीची रीत साहित्याच्या अभ्यासकाने समजून घ्यावी अशी आहे. तिचे मूळ टॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या, मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या, संभाव्यतेवरील निबंधात आहे. कोणते शब्द वाईट याची तयार यादी या चाळणीजवळ नसते. तुम्ही कोणती पत्रे ठेवली आणि कोणती फेकली, हे ती पाहते. प्रत्येक शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो, हे मोजते. आणि नव्या पत्रातील शब्दांचे पारडे कोणीकडे झुकते, त्यावरून निकाल देते. आजच्या चाळण्या पाठवणाऱ्या पत्त्याची पतही पाहतात. त्यांना चकवण्यासाठी जाहिरातवाल्यांनी एके काळी औषधांच्या जाहिरातीखाली जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतील उतारे डकवले. अभिजात वाङ्मयाचा असा उपयोग कोणत्याही समीक्षकाला सुचला नव्हता! पण मुद्दा वेगळाच आहे. चाळणीला स्वतःची अभिरुची नसते. तिच्याजवळ जी असते, ती बऱ्याच अंशी आपणच तिला दिलेली असते.

आम्ही एका लहानशा वार्षिकाचे संपादन करतो. गेल्या दिवाळीनंतर, अंक निघून गेल्यावर, गंगाखेडला एका कार्यक्रमात आमची एक जुनी विद्यार्थिनी भेटली. ती आता जवळच्या खेड्यात शिक्षिका आहे. आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या तिने वहीत उतरवल्या होत्या आणि त्यांवर लेख लिहिण्याचे तिने कबूल केले होते. गंगाखेड हे जनाबाईंचे गाव. दळणाच्या गाण्यांवर तिथल्याच कोणी लिहावे, याचे आम्हांस अप्रूप होते. आम्ही काहीशा नाराजीनेच विचारले, ‘‘अगं, लेख का पाठवला नाहीस?’’

ती म्हणाली, ‘‘श्रावणातच पाठवला होता, सर. तुमचं काही उत्तर आलं नाही. आवडला नसेल, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही.’’

घरी येऊन शोधले. आमच्या खात्यातील स्पॅम तीस दिवसांनी आपोआप नष्ट होते. तेथे काहीच उरले नव्हते. तिने लेख ज्या टंकलेखनाच्या दुकानातून पाठवला होता, तेथे मात्र प्रत सापडली. मजकूर युनिकोडपूर्वीच्या जुन्या फॉन्टात होता. तो फॉन्ट आमच्या संगणकावर नसल्याने त्या ओव्यांची जागा रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या गिचमिडीने घेतली होती. विषयाची ओळ कोरी होती. दुकानाच्या त्याच पत्त्यावरून शेकडो लोकांना जाहिराती जात.

दोष यंत्रावर ढकलून मोकळे होता आले असते. पण आम्हांस आठवले, की कवितासंग्रहांच्या प्रकाशनाची निमंत्रणे, तालुक्याच्या गावांहून येणारी विशेषांकांची आवाहने, अशाच फॉन्टातली, अशाच कोऱ्या विषयाची, अशाच दुकानांतून आलेली पत्रे आम्ही वर्षानुवर्षे न वाचता ‘स्पॅम’ ठरवत आलो होतो. चाळणी आमच्याच हाताखाली शिकली होती.

आमच्या तरुणपणी आम्हीही पुण्यामुंबईच्या मासिकांना कविता पाठवत असू. आठवड्यांनी पाकीट परत येई, सोबत ‘साभार परत’ असे छापलेली चिठी. ती फार झोंबे. परभणीचा शिक्का पाहूनच परत केले असेल, असे आम्ही रागाने म्हणत असू. आज वाटते, त्या चिठीत निदान एवढी कबुली होती, की कोणीतरी पाकीट फोडले होते. आमच्या विद्यार्थिनीला तेवढेही मिळाले नाही. तिला मिळाले ते मौन, आणि त्या मौनाखाली तिने आमची सही वाचली. ती चूक होती असे आम्हांस म्हणवत नाही.

लेख पुढच्या अंकात येईल. तो चांगला आहे. तसे फोनवर कळवले तेव्हा ती संकोचून ‘‘बरं, सर’’ म्हणाली. दुसरा लेखही लिहायला घेतला होतास ना, असे विचारले, तर म्हणाली, ‘‘तो तसाच राहिला. त्यानंतर वही उघडली नाही.’’

तेव्हापासून आम्ही रोज रात्री सरवा वेचतो. बहुतेक दिवशी हाती लॉटऱ्याच लागतात. क्वचित एखादे निमंत्रण, एखाद्या विद्यार्थ्याची शंका सापडते; ती उचलून योग्य जागी ठेवतो, म्हणजे चाळणीही थोडी शहाणी होते. तिचा दुसरा लेख अजून आलेला नाही. आम्ही दोन्हीकडे पाहत असतो.