लटकता आलं पाहिजे

जखमी वटवाघूळ समोर आलं की मी आधी त्याचे पाय बघतो, पंख नंतर. आणून देणाऱ्याला याचं नवल वाटतं. रक्त पंखाला लागलेलं असतं, फाटका पडदा लोंबत असतो, आणि गुरुजी, म्हणजे मी, मात्र त्या चिमुकल्या बोटांपुढे जाड्याभरड्या कापडाची घडी धरून बसलेले. पण बोटांनी कापड पकडलं तर पुढच्या उपचाराला अर्थ आहे. वाघळाच्या पायातल्या कंडरांची रचनाच अशी, की अंगाचं वजन खाली ओढलं गेलं की नख्या आपोआप आवळतात आणि अडकून राहतात. लटकायला त्याला जोर लागत नाही, जोर लागतो तो पकड सोडायला. म्हणून ते झोपेत पडत नाही, आणि मेल्यावरही कितीदा तरी फांदीलाच राहतं.

आपण आजाऱ्याला आडवं करतो. अंथरूण, पांघरूण, उशाला दूध ही आपली माया. अहमदपूरच्या आसपासच्या खेड्यांतून माझ्याकडे येणारी वाघळंही तशीच येतात: खोक्यात आडवी, जुन्या साडीत गुंडाळलेली, शेजारी वाटीत दूध. त्या मायेची मला मनापासून कदर आहे. अपशकुनी म्हणून काठी उगारणारे हात मी पाहिलेत, दम्यावर औषध म्हणून मांस मागायला येणारेही पाहिलेत, त्यामुळे साडीत गुंडाळणारा हात मला मोठाच वाटतो. तरी पहिलं काम ती साडी सोडवायचं असतं. आडवं पडलेलं मोठं वाघूळ हतबल होतं. जमिनीवरून त्याला भरारी घेता येत नाही, पंखाखाली घाण साचते, मुंग्या लागतात. खोकं उभं करायचं, वरून कापड सोडायचं, डोकं खाली करून त्याला लटकू द्यायचं, पोतं टाकून अंधार करायचा. अंग गार असेल तर तोंडात थेंबही घालायचा नाही. आधी ऊब, मग पाणी, मग फळ. गडबडीत हा क्रम उलटतो आणि जीव जातो.

आणि उघड्या हातानं धरायचं नाही. हे मी प्रत्येकाला सांगतो, शाळेतल्या पोरांना तर दरडावून. वाघूळ चावलं तर रेबीजचा धोका धरूनच चालावं लागतं. 2018 साली कोझिकोडमध्ये निपाहनं माणसं दगावली, त्या विषाणूचं घर फळं खाणारी हीच मोठी वाघळं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वाघळांमध्येही निपाहच्या खुणा सापडल्या आहेत. झाडावर शांत लटकलेलं वाघूळ कुणाला आजारी पाडायला येत नाही, पण हातात घेतलेल्या जखमी वाघळाची गोष्ट वेगळी. मी रेबीजची लस आधीपासून घेतलेली आहे, शिवाय जाड हातमोजे आणि मास्क असतो. ज्यानं लस घेतलेली नाही त्यानं वरून टोपली उपडी घालावी आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा. चावलंच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली भरपूर धुऊन थेट दवाखाना गाठावा.

उन्हाळ्याच्या तोंडाशी फोन वाढतात. फेब्रुवारी ते मे हे पिल्लांचे दिवस. एका मादीला एकच पिल्लू, आणि सुरुवातीचे काही आठवडे आई त्याला छातीशी घेऊनच उडते. एवढा मोठा जीव, ज्याच्या पंखांचा पसारा चार-साडेचार फूट भरतो, तो विजेच्या दोन तारांमधून जाताना दोन्हींना एकदम टेकतो.

"गुरुजी, तारंवर वाघूळ मरून लटकलंय. पन पोटाला पिल्लू हाय, हलायलंय."

अशा वेळी पहिला फोन लाइनमनला. वीज बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय कुणी बांबू उचलायचा नाही. खाली घेतलेलं पिल्लू आईचं स्तनाग्र तोंडातून सोडत नाही. ते ओढून काढायचं नसतं, हळूहळू सोडवायचं असतं. मग त्याला मिठी मारायला कापडाची घट्ट गुंडाळी आणि चोखायला छोटं बूच द्यायचं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या टोल्गा बॅट हॉस्पिटलसारख्या ठिकाणी अनाथ पिल्लं अशीच वाढवतात. दूध कोणतं आणि किती, हे पशुवैद्य ठरवतात. मी मात्र एक ठरवलं आहे: पिल्लाला नाव ठेवायचं नाही, पाहुण्यांना दाखवायचं नाही. माणसाला लळा लागलेलं वाघूळ वाघळांत परत जात नाही.

विजेची जखम कपटी असते. पहिल्या दिवशी पंखाचा पडदा धड दिसतो. बॅटरीच्या उजेडावर धरला तर रक्तवाहिन्यांची बारीक जाळीही दिसते. चौथ्या-पाचव्या दिवशी तोच पडदा काळा पडून कडक व्हायला लागतो, कारण आत जळालेलं आता वर येतं. म्हणून तारेवरच्या वाघळाबद्दल आठवडाभर मी कुणाला शब्द देत नाही. काटेरी कुंपणाची किंवा बागेच्या जाळीची जखम त्यामानानं सरळ. पडद्याला वाटाण्याएवढं भोक असेल तर ते टाक्याशिवाय काही आठवड्यांत भरतं. नवी कातडी आधी फिकी, गुलाबी येते, मग रंग धरते. मांजाची जखम हाडापर्यंत जाते. वाघळाचा पंख म्हणजे हातच, पाचही बोटं त्यात आहेत. बोटाचं हाड मोडलं तर निभावून नेता येतं, दंडाचं मोडलं तर उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठावं लागतं. तिथून कधी परत आणता येतं, कधी त्याला शांतपणे जाऊ देण्याचा निर्णय डॉक्टर घेतात. तो निर्णयही उपचारच आहे, असं मी मानतो.

बरं होतंय की नाही, हे औषधाच्या वहीपेक्षा मला एका गोष्टीवरून कळतं. धडधाकट वाघूळ शी-शू करताना उलटं होतं, म्हणजे आपल्या दृष्टीनं सुलटं. अंगठ्यांच्या नख्यांनी फांदी धरून डोकं वर घेतं, काम उरकतं, अंग झटकतं आणि पुन्हा पायांवर येतं. अंगठा जखमी असेल तर हे जमत नाही आणि सगळी घाण पंखावर येते. ज्या दिवशी खाली अंथरलेला कागद घाण असतो आणि पंख स्वच्छ असतात, त्या दिवशी मी घरी सांगतो, वाघूळ बरं होतंय. पुढे ते पंख चाटून विंचरायला लागतं, पेरूचा रस पिळून घेऊन चोथा थुंकायला लागतं. मग एका शेतकऱ्याच्या रिकाम्या शेडनेटमध्ये त्याला सोडायचं. तिथं ते कडेकडेनं फेऱ्या मारतं, धापा टाकतं, आणि रोज थोडी जास्त मजल मारतं.

कायद्यानं ही मोठी वाघळं कित्येक वर्षं उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023पासून लागू झाली, आणि आता त्यांना संरक्षण आहे. म्हणून प्रत्येक वाघळाची वनखात्यात नोंद करतो. पण सोडायचं कुठं? जिथून आलं त्याच झाडावर, दिवे लागणीला, त्याचे सोबती उठायच्या वेळी. ते झाड उभं असायला हवं, आणि आमच्याकडे ते झाड बहुतेक वेळा चिंचेचं असतं.

इथं सगळी गाठ आहे. चिंचा झोडायचे दिवस आणि पिल्लांचे दिवस एकच. खोतानं, म्हणजे चिंचांचा मक्ता घेणाऱ्यानं, झाड घेतलेलं असतं, बांबूचे फटके बसतात, माद्या भर उन्हात उठतात, पिल्लं गळतात. आमच्याकडे पारा बेचाळीसला टेकतो. त्याच तापमानाच्या पुढे 2002 साली न्यू साउथ वेल्समध्ये एका दिवसात साडेतीन हजारांहून अधिक वाघळं मेली. तापलेल्या दुपारी उठवलेलं वाघूळ उडून आणखी तापतं.

गेल्या हंगामात अशा एका झाडाच्या मालकाशी बांधावर बसून बोललो. चिंचेचं उत्पन्न त्याच्या घरचा हक्काचा पैसा, तो सोडा असं मी कसं म्हणणार? त्यानंच विचारलं, "पिल्लं कवा उडत्यात, गुरुजी?" मी सांगितलं. त्यानं खोताला बोलावून घेतलं. वाघळं बसतात त्या पूर्वेकडच्या फांद्या झोडायच्या नाहीत, तिथल्या चिंचा आपोआप पडतील तशा वेचायच्या, आणि बाकीचं झाड सकाळी ऊन चढायच्या आत उरकायचं, असं ठरलं. दरात थोडी घासाघीस झाली. मालकानं ती मान्य केली.