सत्तावीसचे बहात्तर

चाचणीच्या दिवशी दुसरीला अंकलेखन घालत होते. मी "सत्तावीस" म्हटलं आणि पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं ठसठशीत 72 लिहिलं. पेपर तपासताना मी त्यावर लाल फुली मारली, तक्त्यात शून्य भरलं आणि पुढचा पेपर ओढला.

दुसऱ्या दिवशी दशकांचे गठ्ठे काढले होते. खराट्याच्या काड्या, दहा-दहाला रबर लावलेलं. तिला सत्तावीस काड्या मागितल्या. तिनं दोन गठ्ठे उचलले, सात सुट्या काड्या मोजून वर ठेवल्या आणि माझ्या हातात दिल्या. एकही चूक नाही. "आता लिही बरं," म्हणून मी तिच्या पेन्सिलीकडे बघत राहिले. "सत्ता" म्हणत तिनं 7 काढला, "वीस" म्हणत त्याच्या उजवीकडे 2. कानावर जसं पडलं तसंच ती लिहीत होती. आपण लिहितो डावीकडून उजवीकडे आणि संख्येचं नाव चालतं उलटं, आधी एकक, मग दशक. एकोणतीस तर त्याहून अवघड. कानाला तीस ऐकू येतात आणि लिहिताना 3 कुठेच नसतो. तिला सत्तावीस कळले होते. कालच्या फुलीत ते कुठेच उमटलं नव्हतं, आणि ती फुली माझ्या हातची होती.

2019 च्या जूनमध्ये बालभारतीचं दुसरीचं नवं पुस्तक हातात पडलं. त्यात एकवीसबरोबर 'वीस एक' होतं, बासष्टबरोबर 'साठ दोन'. केवढा गदारोळ झाला! मराठी बुडाली इथपर्यंत बोललं गेलं, विधानसभेतही चिमटे निघाले. गणिताच्या समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जोडाक्षरांनी भरलेली ही नावं लहान मुलांना जड जातात, दक्षिणेतल्या भाषांत दशक आधी येतो, आणि जुनी नावं काढलेली नाहीत. 2023 मध्ये त्या गेल्या. ते पुस्तक बघताना माझ्या डोळ्यांपुढे ती पेन्सिल होती, म्हणून मला त्यांचं म्हणणं तेव्हाच पटलं आणि आजही पटतं. बाजारात, एसटीत, घरात एकवीसच लागतं, ते मुलांना यायलाच हवं. पण तिथवर जायला मधे एक पायरी ठेवली तर भाषेचं काय बिघडतं? नॉर्वेनं 1951 मध्ये सरकारी निर्णयानं हाच क्रम बदलला, टेलिफोनचे आकडे ऐकताना घोटाळा होऊ नये म्हणून. तिथे जुनी पद्धतही घराघरांत अजून चालते.

आमच्याकडे तर दशक आधी म्हणणं नवंही नव्हतं. त्या मुलीची आजी मूळची शेव्याची. बंदरासाठी जुनं गाव उठलं त्यातली. 1989 मध्ये बंदर सुरू झालं, आजीची मासळीची पाटी मात्र सुटली नाही. निकाल न्यायला आली तेव्हा मी विचारलं, सत्तावीस बोंबील कसे मोजता? ती म्हणाली, "एक इस न सात." आधी वीस, मग सात. पाटीवर बसून नात हेच ऐकत आली होती. पुस्तकातलं 'वीस सात' तिला परकं वाटायचं कारणच नव्हतं. परकं होतं ते माझं सत्तावीस.

तिचा बाप कंटेनर यार्डात नोंदी करतो. चार अक्षरं, सहा अंक आणि चौकटीत एकटा सातवा अंक, असा कंटेनरचा नंबर असतो. तो चौकटीतला अंक आधीच्या अक्षर-अंकांवरून हिशेबानं निघतो. लिहिताना 27 चे 72 झाले तर तो बहुतेक वेळा जुळत नाही आणि चूक तिथेच पकडली जाते. अंकांची अदलाबदल माणसाकडून होणारच हे धरून केलेली ही सोय. लोखंडी पेटीसाठी एवढा विचार झाला आहे. सात वर्षांच्या मुलासाठी चाचणीत तेवढाही दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं.

चाचण्या मात्र खूप बदलल्या. 2010 पासून आकारिक आणि संकलित मूल्यमापन आलं, 2015 नंतर पायाभूत चाचण्या, मग शिष्यवृत्ती चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला गेली, पुढे पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा परतली. दर वेळी तक्ते बदलले, रकाने बदलले. आकारिकमध्ये खरी जागा होती, मुलाशी बोला, त्याची रीत टिपून ठेवा असंच त्यात सांगितलं होतं. नोंदी लिहिण्याच्या घाईत आम्हीच ती जागा भरून टाकली, सगळ्यांना एकच वाक्य. चाचणी नको असं मी कधीच म्हणणार नाही. कोण कुठे अडलं आहे ते मला कळायलाच हवं. पण ज्याला संख्याच कळली नाही आणि ज्याला फक्त क्रम उलटा ऐकू आला, त्या दोघांना एकच शून्य देणारा पेपर मला काहीच सांगत नाही.

आता अंकलेखन घेताना मी मुलांच्या मधून फिरते. आधी काय लिहिलं ते बघते आणि माझ्या वहीत बाण काढते, पेन्सिल कुठून कुठे गेली त्याचा. गुण त्यानंतर.

वर्ष संपत आलं तेव्हा मी "बावन्न" म्हटलं. तिनं पहिली चौकट मोकळी सोडली, दुसरीत 2 लिहिला, ओठांत "पन्नास" पुटपुटली आणि मग मागे येऊन मोकळ्या चौकटीत 5 काढला.