जास्त भूक कुणाला?

दिवाळी झाली आणि आमच्या जिन्याच्या माथ्यावर, पाण्याच्या टाकीखालच्या अडगळीत, रात्री कुणीतरी घोरू लागलं. अगदी लांबलचक 'खर्रऽऽ स्सऽऽ' असं! ह्यांनी बॅटरी घेऊन पाहिलं, तर पांढऱ्या कापसाचे चार गोळे. गव्हाणी घुबडाची पिल्लं!

सासूबाई घाबरल्याच. "अगं बाई, घरावर घुबड नको हो! अन् त्याला दगडही मारू नका. ते दगड झिजवतं, तसा मारणारा झिजतो म्हणतात!" शेजारच्या वहिनी तर गड्याकरवी घरटं काढायला निघाल्या. मी म्हटलं, "दोन महिने कळ काढू या. पिल्लं उडाली की जागा मोकळी. शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्यांना हात लावायची बंदी आहे." कुरकुरत का होईना, सगळे थांबले.

मी अर्धवेळ मराठी शिकवते. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना ही हकिकत सांगितली, तर त्यांनी मोठी गंमत ऐकवली. स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठातले संशोधक अलेक्झांडर रूलँ यांनी ह्याच घुबडांच्या पिल्लांची भाषा वर्षानुवर्षं अभ्यासली आहे. आईबाप एका खेपेला एकच उंदीर आणतात आणि तो एकालाच मिळतो. म्हणून ते शिकारीला गेले असतानाच पुढचा घास कुणाचा, हे पिल्लं आपसांत बोलून ठरवतात. ज्याला जास्त भूक, ते जास्त वेळा आणि लांबलचक ओरडतं. ज्याच्या पोटात थोडंफार असतं, ते ऐकून गप्प होतं आणि आपली पाळी सोडतं. इतकंच नव्हे, थोरलं पिल्लू कधी कधी आपला उंदीर धाकट्याला देतं. जे त्याची पिसं चोचीने साफ करतं, जे भुकेने जास्त ओरडतं, त्याला आधी!

त्या रात्री ओटा पुसताना मी ते घोरणं कान देऊन ऐकलं आणि माझं मलाच हसू आलं. अंगात कणकण असली तरी मी कधी बोलायची नाही. 'न सांगता ह्यांना कळायला नको?' असं मनात म्हणायची आणि भांडी आपटायची. भांडी आपटणं हीच माझी भाषा, अन् ती घरात कुणालाच येत नव्हती! उलट "आज आईचं काहीतरी बिनसलंय" म्हणून मुलं लांबच राहायची.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले ती डोकं धरूनच. धीर करून म्हटलं, "अहो, आज मला खरंच उभं राहवत नाही." ह्यांनी मुकाट्याने कुकर लावला. भात अगदी गिचका झाला. थोरल्याने पानं मांडली, आणि धाकटीने आपल्या ताटातला पापड माझ्या ताटात ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "आधी सांगायचंस की गं!"

इतकी वर्षं मी वाट पाहत होते ती विचारण्याची, आणि घरचे वाट पाहत होते माझ्या सांगण्याची.

संक्रांतीच्या आधी पिल्लं उडून गेली. मी अडगळ झाडून काढली. परवा रात्री सासूबाईच म्हणाल्या, "सुनंसुनं वाटतं नाही गं, जिन्यात?"