जेवणाच्या टेबलावरचे बंदर

छत्रपती संभाजीनगरला समुद्र नाही, हे काही मी नव्याने सांगायला नको. मुंबईचा किनारा गाठायचा तर रस्त्याने ३०० किलोमीटरांहून अधिक तोडावे लागतात. तरी आमच्या सिडकोतल्या बिऱ्हाडात गेल्या पावसाळ्यापासून एक बंदर उभे राहत आहे. जेवणाच्या टेबलाची एक बाजू त्याने अडवली आहे. सौभाग्यवती ताट ठेवायला जागा मागतात, तेव्हा नातू गंभीरपणे सांगतो, "आजी, इथं विमान उतरतं."

सारे १:७०० मापाचे. नातवाच्या डोक्यात हे माप बसावे म्हणून मी आमचा मुलूखच आवळून दाखवला. देवगिरीचा सुमारे २०० मीटरांचा डोंगर २८ सेंटिमीटरांचा, म्हणजे लोणच्याच्या बरणीएवढा. शेजारचा चांदमिनार फळ्यावरच्या खडूएवढा. आणि कॅटलिना हे पाण्यावर उतरणारे गस्ती विमान? खऱ्याच्या पंखांचा पसारा जवळजवळ ३२ मीटर, आमच्याचा साडेचार सेंटिमीटर. पंख चिमट्यातून निसटला की घरातला केर दोन दिवस बंद!

धक्का, तेलाच्या टाक्या, याऱ्या डिंकाने चिकटतात. समुद्र मात्र चिकटवता येत नाही. पाणी नीट पाहावे म्हणून एका रविवारी आम्ही पाणचक्कीला गेलो. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून हौदात सोडण्याची जुन्या लोकांची ती करामत मी शंभरदा पाहिली असेन. पण हिशोब मांडत पाहिली ती त्या दिवशीच. हौदातली एक सेंटिमीटरची लाट आमच्या बंदरात ७ मीटरांची होईल! घरी येऊन चांदीचा कागद चुरगाळला, हलकेच सपाट केला, निळा रंगवला आणि वर वॉर्निश फिरवले. बरा जमला.

मग नातवाने विचारले, "आजोबा, माणसं कुठायत?"

मी त्याला १९४२ची हकीकत सांगितली. ४ एप्रिलला सिलोनच्या दक्षिणेला अशाच एका कॅटलिनाने जपानी आरमार पाहिले आणि बिनतारी यंत्राने खबर धाडली. विमान पाडले गेले. आत ९ जण होते. तिघे गेले, सहा कैद झाले. दुसऱ्या दिवशी कोलंबोवर बाँब पडले, ६ तारखेला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर.

सांगून बसलो आणि जीभ चावली. त्याचे वडील, म्हणजे आमचे चिरंजीव, व्यापारी जहाजावर आहेत. नोव्हेंबर २०२३मध्ये तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हापासून त्यांचा फोन लांबला की घरात कोणी त्याविषयी बोलत नाही. सूनबाई कपाटे आवरते, मी बंदर बांधतो. त्या वेळी एकोणीस दिवस झाले होते.

नातवाने काही विचारले नाही. सुईच्या टोकाने अडीच मिलिमीटरांची माणसे रंगवीत बसला. नऊ झाली, तरी थांबेना. दहावे त्याने धक्क्यावर उभे केले.

"हा कोण रे?"

"बाबा. ते उतरलेत."

तेविसाव्या दिवशी फोन आला; जहाज आफ्रिकेला वळसा घालून निघाले होते. सूनबाई आत जाऊन बराच वेळ बोलली. बंदराच्या एका यारीचा दांडा अजून सापडलेला नाही. केर काढायला मात्र परवानगी मिळाली आहे.